लेथवर कोण होता?

दादा, म्हणजे माझे वडील, अमेरिकेत आले की पहिला आठवडा झोपेत जातो, दुसरा "तुमच्याकडं रस्त्यावर माणूसच दिसत न्हाई गं" असं खिडकीतून बघत म्हणण्यात, आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांना कुठंतरी नेल्याशिवाय घरात शांतता राहत नाही. नायगारा मागच्या खेपेला झालेला. मंदिर झालं, कॉस्टको दोनदा झालं. मग मी त्यांना डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड म्युझियममध्ये घेऊन गेले. डेट्रॉइटच्या आसपास राहणारा मराठी माणूस इंडियातून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथं नेतोच, केनेडींना गोळी लागली ती गाडी दाखवतो, रोझा पार्क्स जिच्यात सीटवरून उठली नाही त्या बसमध्ये बसवून फोटो काढतो आणि कॅफेटेरियात महागडी कॉफी पाजून घरी आणतो. माझी ही बहुतेक नववी-दहावी फेरी असेल. दादांनी आत पाय ठेवला, वर-समोर कुठंच बघितलं नाही, खाली बघितलं. मग चक्क उकिडवे बसले आणि जमिनीवरून बोट फिरवत म्हणाले, "सागवान हाय ह्ये." खरंच आहे. त्या अवाढव्य हॉलची जमीन सगळी सागवानी आहे आणि आधीच्या इतक्या फेऱ्यांत माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. पुढं वाफेच्या मोठ्या इंजिनांपाशी त्यांनी पाऊण तास घालवला, केनेडींच्या गाडीपाशी अर्धा मिनिट, आणि मग एका छोट्याशा, घोडा सोडून ठेवलेल्या टांग्यासारख्या दिसणाऱ्या गाडीसमोर हात पाठीमागं बांधून उभे राहिले ते हलेचनात.

मी सवयीनं माहिती दिली. थोडं पाटीवरचं, थोडं मला आधीपासून माहीत असलेलं. १८९६ सालची गाडी, ड्युरिया नावाच्या दोघा भावांच्या कंपनीची, एकाच नमुन्याच्या १३ गाड्या त्यांनी त्या वर्षी केल्या, एकासारख्या एक अशा गाड्या विकायला बनवणारी अमेरिकेतली पहिली कंपनी हीच, आणि त्या तेरांतली ही एकच आता उरलीय. कंपनी दोन-तीन वर्षांत बंद पडली. दादांनी ऐकून घेतलं. चाकाच्या तुंब्याकडं बघितलं, सीटच्या खाली वाकून बघितलं, सिक्युरिटीवाला थोडा जवळ सरकला तसे सरळ झाले.

"दोघं भाऊ?"

"हो."

"ह्यातला लेथवर कोण हुता?"

लेथ म्हणजे लोखंड गोल फिरवून कातायचं यंत्र, म्हणजे गाडी हातानं घडवणारा कोण. मला माहीत नव्हतं. पंधरा वर्षं ऑटो पार्ट्सच्या कंपनीत नोकरी करते, मेकॅनिकलची डिग्री आहे, त्या गाडीसमोर आधी नऊ वेळा उभी राहिलेय, पण हा प्रश्न कधी डोक्यात आला नव्हता. "बघून सांगते" म्हणाले. दादा "र्‍हाऊ दे" म्हणाले आणि पुढं गेले. त्यांचं ते "र्‍हाऊ दे" मला लहानपणापासून ओळखीचं आहे. त्यात राहू देण्यासारखं काहीच नसतं.

आता आमचं सांगायचं तर, कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं वर्कशॉप होतं. आमचं म्हणजे तात्यांचं आणि दादांचं. तात्या माझे थोरले चुलते, दादांपेक्षा सहा वर्षांनी मोठे. दारावर पत्र्याची पाटी होती, निळ्या रंगावर पिवळी अक्षरं, त्यात आधी तात्यांचं नाव आणि आडनाव, आणि मग "अँड ब्रदर". ब्रदर म्हणजे आमचे दादा. एकवचनी. शाळेत इंग्रजी शिकायला लागल्यावर मी दादांना विचारलेलं की तुमचं नाव का नाही लिहिलं, तर म्हणाले पाटी लहान हुती. पाटी काही लहान नव्हती, अक्षरं मोठी होती. आत शिरलं की आधी वास यायचा, कटिंग ऑइलचा आणि तापलेल्या लोखंडाचा, त्यात बाहेरच्या गाड्यावरच्या मिसळीच्या कटाचा वास मिसळलेला. मी स्टुलावर बसून लेथमधून निघणारे लोखंडाचे निळे-जांभळे कुरळे दोरे बघत बसायचे, ते हातात घ्यायचे नाहीत असा कडक नियम होता आणि माझ्या अंगठ्यावर अजून त्याचा व्रण आहे. लेथवर कायम दादा. तात्या लेथवर उभे राहिलेले मला आठवतच नाहीत. तात्या दारात उभे असायचे, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर हात टाकून, नाहीतर आत जमिनीवर खडूनं काहीतरी काढत. कागदावर त्यांना जमायचं नाही, "माझं डोस्कं कागदात मावत न्हाई रे" म्हणायचे, मग अख्ख्या फरशीवर गिअर, शाफ्ट, चाकं आणि बाण. संध्याकाळी झाडायच्या आधी दादा ते सगळं मुकाट्यानं वहीत उतरवून घ्यायचे, मापं टाकून.

त्या रात्री दादा झोपल्यावर मी वाचत बसले. मग दुसऱ्या रात्री, मग पुढचे दोन आठवडे, ऑफिसात जेवतानासुद्धा.

चार्ल्स ड्युरिया थोरला, १८६१ सालचा. फ्रँक धाकटा, १८६९ सालचा. इलिनॉयमधल्या शेतकऱ्याची पोरं, पण दोघांचंही लक्ष शेतात कमी आणि चाकांत जास्त. ते दिवस सायकलच्या वेडाचे होते, पुढं मोटारीत शिरलेले बरेच जण आधी सायकलवालेच होते. चार्ल्स सायकली डिझाइन करायचा, भरपूर बोलायचा, भरपूर लिहायचा, कल्पना तर त्याच्या खिशातून सांडायच्या. फ्रँक टूलमेकर. मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी गावात एका मोठ्या कारखान्यात हत्यारं बनवायच्या कामावर, आणि तिथं त्याला आणलं चार्ल्सनंच. १८९२ साली चार्ल्सनं जवळच्या स्प्रिंगफील्ड गावातल्या मार्कहॅम नावाच्या माणसाला पटवलं की घोड्याशिवाय चालणारी गाडी होऊ शकते, आणि त्याच्याकडून १००० डॉलर काढले. सत्तर डॉलरला एक जुनी, बायकांनी वापरायची घोडागाडी विकत घेतली, एका मशीनशॉपमध्ये भाड्यानं जागा घेतली, फ्रँकला त्या कामावर मजुरीनं लावलं. आणि सहा-एक महिन्यांत, सप्टेंबरात, चार्ल्स सायकलच्या धंद्यासाठी इलिनॉयमधल्या पिओरियाला निघून गेला. हजारभर मैलांवर. गाडी अर्धी, इंजिन सुरूच होत नाही, आणि शॉपमध्ये फ्रँक एकटा.

म्हणजे लेथवर फ्रँक होता. उत्तर सापडलं होतं, पण दादांना ते लगेच सांगावंसं वाटलं नाही.

कारण पुढचं वाचल्यावर पोटात कसंतरी झालं. चार्ल्सच्या विचारानं बनवलेलं इंजिन काही केल्या नीट चालेना. त्यात फ्रँकला टायफॉइड झाला, महिनाभर दवाखान्यात. तिथनं उठल्यावर त्यानं इंजिनाचं डिझाइन मोडून नवीन केलं, एका सिलिंडरचं, आणि पुढचे कितीतरी महिने त्याच्याशी झोंबत राहिला. सप्टेंबर १८९३ मध्ये गाडी तयार झाली तेव्हा लोकांचा तमाशा नको म्हणून संध्याकाळी तिला घोडा जुंपून गावाच्या कडेला ओढत नेली. घोड्याशिवाय चालणारी गाडी घोड्यानं ओढत न्यायची, हे वाचून मी एकटीच हसले. दुसऱ्या दिवशी ती चालली. थोडंसंच अंतर, मातीत रुतली, पट्टा घसरत होता, पुन्हा ढकलली, पुन्हा चालली. तिथं फ्रँक होता. चार्ल्स तिथं नव्हता, पिओरियाला होता. आणि नंतर पंचेचाळीस वर्षं, मरेपर्यंत, चार्ल्स सांगत राहिला की गाडी माझी, डोकं माझं, नकाशा माझा, फ्रँक हा मी पगारावर ठेवलेला मेकॅनिक.

आमच्या तात्यांनी असं कधी तोंडानं म्हटल्याचं मला माहीत नाही. म्हणायची गरजच पडली नाही, बाकीचे म्हणायचे.

आमची गाडी नव्हती, टिलर होता. एकोणऐंशी-ऐंशी साल असेल, मी शाळेतही जात नव्हते. तात्यांच्या डोक्यात आलं की ज्याचं रान एक-दोन एकर, ज्याला ट्रॅक्टर परवडत नाही आणि बैलजोडी सांभाळणं होत नाही, त्याच्यासाठी मागं चालत जाऊन धरायचा छोटा पॉवर टिलर करायचा, आपल्याच कोल्हापुरातल्या इंजिनवर, आपल्याच फौंड्रीतल्या कास्टिंगवर. उद्यमनगरात तेव्हा काय होत नव्हतं, पंप होत होते, ऑइल इंजिनं होत होती, गुऱ्हाळाचे चरक होत होते, फक्त कुणीतरी ते सगळं एकत्र जोडून चाकावर उभं करायचं होतं. तात्यांनी फरशीवर खडूनं काढलं. पैसे आणले, कुठनं आणले ते घरात कुणालाच धड माहीत नाही, थोडे सोसायटीतून, थोडे काकूंच्या पाटल्यांतून. दादांनी बनवला. भंगारातल्या रिक्षाचा गिअरबॉक्स उघडून बघत, दिवसा लोकांच्या पंपांचे बुश आणि शाफ्ट टर्न करायचे आणि रात्री टिलरचं काम. पहिला सुरू झाला तेव्हा इतका आवाज केला की शेजारच्या शॉपमधली माणसं पळत आली. तेव्हापासून त्याला सगळे कोंबडा म्हणायचे. आरवतो म्हणून. असे सात केले. चार विकले गेले. त्यातले दोन काळ्या रानात पहिल्याच पावसाळ्यात बसले, एकाचं गिअरबॉक्सचं कव्हर फुटलं, आणि एक शेतकरी ट्रॉलीत घालून आमच्या दारात आणून टाकून गेला. त्या परत आलेल्या टिलरवर बसून मी घोडा घोडा खेळायचे, त्याचं सीट नव्हतं, दांडाच होता.

गंमत बघा, ड्युरियांच्या गाडीला स्टिअरिंगचं चाक नाही, एक दांडाच आहे. उजवीकडं-डावीकडं केला की गाडी वळते आणि वर-खाली केला की गिअर पडतो. त्या दांड्याला इंग्रजीत टिलरच म्हणतात. म्युझियममध्ये दादा त्या दांड्याकडंच बघत होते असं मला आता वाटतं, पण ते मी माझ्या मनानं लावलेलं असू शकतं.

तर ड्युरियांची खरी गंमत आहे शिकागोच्या रेसमध्ये. १८९५ चा नोव्हेंबर. तिथल्या टाइम्स-हेराल्ड पेपरनं घोड्याशिवायच्या गाड्यांची शर्यत लावली, आणि या वस्तूला म्हणायचं काय हेच कुणाला ठरवता येत नव्हतं म्हणून नावासाठीही बक्षीस लावलं. "मोटोसायकल" हे नाव जिंकलं आणि अर्थातच ते काही मोटारीला टिकलं नाही. आपल्याकडं जुनी माणसं हवागाडी म्हणायची, ते कितीतरी छान होतं. शर्यत २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी. जॅक्सन पार्कपासून इव्हॅन्स्टनपर्यंत आणि परत, साधारण ५४ मैल, म्हणजे कोल्हापूरहून सांगलीला जाऊन परत यायला थोडं कमी. आदल्या दिवसांत बर्फ पडलेला, रस्ते म्हणजे चिखल आणि भुसभुशीत पांढरं, तेही मिशिगन लेकच्या वाऱ्यात. तो वारा काय असतो ते इकडं राहणाऱ्यांना सांगायला नको, आणि तुम्हाला सांगून कळणार नाही. नावं पुष्कळ जणांनी दिलेली, प्रत्यक्षात सुरुवातीच्या रेषेवर आल्या सहा गाड्या. तीन जर्मन बेंझ, दोन बॅटरीवरच्या, आणि एक ड्युरिया. दांड्यावर फ्रँक. बॅटरीवाल्या थंडीत आणि बर्फात फार पुढं गेल्याच नाहीत (मी हिवाळ्यात इलेक्ट्रिक गाडी चालवते, मला त्यांचं दुःख समजतं). मध्येच ड्युरियाच्या स्टिअरिंगचा भाग तुटला. फ्रँकनं लोहाराची भट्टी गाठली, तुटलेलं जोडून घेतलं, तासभर गेला त्यात. पुढं एके ठिकाणी रस्ता चुकला. सकाळी नऊच्या सुमाराला निघालेली गाडी संध्याकाळी सात वाजून गेल्यावर अंधारात परत पोचली, तेव्हा बघायला थांबलेली माणसं बहुतेक घरी जेवायला गेली होती. पहिला नंबर, २००० डॉलर. दुसरी आली ती एक बेंझ, बऱ्याच वेळानं, तिचा चालवणारा थकून कोसळलेला आणि परीक्षक म्हणून शेजारी बसलेला चार्ल्स किंग नावाचा माणूस एका हातानं त्याला सावरत ती चालवत होता. हाच किंग पुढच्या मार्चमध्ये डेट्रॉइटच्या रस्त्यावरून पहिली मोटार घेऊन गेला, हेन्री फोर्डच्याही तीन महिने आधी. पण डेट्रॉइटमध्ये रस्त्यांना, हॉस्पिटलला, शाळांना नाव कुणाचं ते सांगायची गरज नाही.

लोहाराच्या भट्टीचं हे मात्र मी दादांना दुसऱ्या दिवशी नाश्त्याला सांगितलं. उप्पीट खाता खाता थांबले. "सणाच्या दिवशी भट्टी पेटलेली हुती?" म्हणाले. मी म्हटलं असणार. "मग तो लोहारबी बक्षिसातला वाटेकरी," म्हणाले आणि पुन्हा खायला लागले.

ही शर्यत जिंकली म्हणून ती तेरा गाड्यांची गोष्ट. कंपनी दोन महिने आधीच काढलेली होती, ड्युरिया मोटर वॅगन कंपनी, स्प्रिंगफील्डमध्ये. १८९६ हे त्यांचं एकमेव भरभराटीचं वर्ष, आणि काय काय झालं त्या एका वर्षात. बार्नम अँड बेली सर्कसनं त्यांची एक गाडी मिरवणुकीत पुढं चालवली, मागं हत्ती. मला हे चित्र फार आवडलं, कारण सांगली भागातल्या लोकांना सर्कस म्हटलं की उगाच घरचं कार्य असल्यासारखं वाटतं, आईचं माहेर तिकडचं आहे. मे महिन्यात न्यूयॉर्कमध्ये ड्युरिया चालवणाऱ्या एका माणसानं ब्रॉडवेवर एका सायकलवाल्या बाईला धडक दिली, तिचा पाय मोडला, तो एक रात्र कोठडीत. अमेरिकेतला नोंद झालेला पहिला मोटार अपघात म्हणून तो सांगितला जातो. सायकली बनवणाऱ्यांच्या गाडीनं पहिल्यांदा पाडली ती सायकलच. नोव्हेंबरात दोन गाड्या बोटीनं इंग्लंडला गेल्या आणि लंडन ते ब्रायटन त्या प्रसिद्ध फेरीत धावल्या. आणि १८९८ मध्ये कंपनी संपली.

का संपली? पैसे लावणारे वेगळं ओढत होते हे एक झालं. पण दोघं भाऊ एका छताखाली राहू शकत नव्हते हे खरं कारण. चार्ल्सला रोज नवीन काहीतरी सुचायचं, फ्रँकला जे चालतंय ते नीट करून विकायचं होतं. वेगळे झाले. चार्ल्सनं पिओरियात, मग पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगमध्ये तीन चाकांच्या गाड्या काढल्या, कारण त्याच्या मते चौथं चाक म्हणजे उधळपट्टी. फ्रँकनं चिकोपीलाच एका बंदुका बनवणाऱ्या कंपनीशी हात मिळवून स्टीव्हन्स-ड्युरिया नावाच्या मोठ्या, महागड्या, दणकट गाड्या केल्या आणि त्या बरीच वर्षं चालल्या. म्हणजे धाकट्याचं बरं झालं. इथं कुणी वाचून खूश झालं असेल तर मीही झाले होते, क्षणभर. आईच्या आवाजात मनात आलंसुद्धा, "बघा, शेवटी हात ज्याचे त्याचंच होतं."

आई हे म्हणायची. त्र्याऐंशी साली जिल्ह्यात शेतीचं प्रदर्शन भरलेलं, तिथं तात्यांनी टिलर नेऊन ठेवला आणि पेपरात फोटो आला. तात्या दांडा धरून उभे, फेटा वगैरे बांधून, खाली छापलेलं की कोल्हापूरच्या उद्योजकानं बनवलेला टिलर. दादा फोटोत नव्हते कारण ते त्या वेळी खाली बसून त्याचा पट्टा आवळत होते. फोटोच्या कडेला एक चप्पल घातलेला पाय दिसतो, आई म्हणायची तो त्यांचाच. आईनं ते कात्रण ट्रंकेत ठेवलं होतं, जपून ठेवलं की राग म्हणून ठेवलं ते मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर वर्षभरात वर्कशॉपच्या मधोमध विटांची भिंत आली. लेथ आणि शेपर इकडं, ड्रिल आणि वेल्डिंग तिकडं, पाटी तिकडं. टिलर पुन्हा झाला नाही, कारण अर्धी मशिनरी भिंतीच्या या बाजूला आणि अर्धी त्या. दोघं लग्नाकार्यात बोलायचे, "जेवला का" एवढंच. इतकं असून दादांनी तात्यांबद्दल वाकडा शब्द आम्हा पोरांसमोर काढला नाही. मीच काढायचे. कॉलेजात असताना तर मी ठरवूनच टाकलेलं की जगात दोन जातीची माणसं असतात, बोलणारी आणि करणारी, आणि मी करणाऱ्यांची पोरगी आहे.

मग नोकरी लागली. गेली सहा-सात वर्षं माझी टीम पुण्यात बसते. रात्री तिकडची पोरं सिम्युलेशन चालवतात, मॉडेलं दुरुस्त करतात, चुका शोधतात, आणि सकाळी आठ वाजता मी इथं कस्टमरसमोर स्लाइड लावून उभी असते. "वुई" म्हणते. नेहमी "वुई" म्हणते, मी नीट माणूस आहे. पण परवा एका मीटिंगनंतर कस्टमरनं मला "ब्रिलियंट वर्क" म्हटलं आणि मी "थँक यू" म्हणाले, आणि कॉलवर पुण्याचा तो मुलगा होता, म्यूटवर, ज्यानं ते ब्रॅकेट तीन आठवडे झोप मोडून पुन्हा पुन्हा करून बघितलेलं. त्याच्या नावाचं गोलातलं अक्षर स्क्रीनच्या कोपऱ्यात तसंच होतं, पेपरातल्या त्या चपलेसारखं. मी नंतर त्याला मेसेज टाकला. त्यानं अंगठा पाठवला. आणि तरीही मला हे पण माहीत आहे की तो कस्टमर मी दोन वर्षं मागं लागून आणलेला आहे, मी नसते तर ते ब्रॅकेट कुणी मागितलंच नसतं. हे मी कुणाला म्हटलं नाही, इथंच पहिल्यांदा लिहितेय.

मार्कहॅमकडनं हजार डॉलर काढले ते चार्ल्सनं. चिकोपीच्या कारखान्यात फ्रँकला आणला तो चार्ल्सनं. जुनी घोडागाडी घ्यायचं चार्ल्सच्याच डोक्यात आलं. तो नसता तर फ्रँक चांगला टूलमेकर म्हणून रिटायर झाला असता, असं म्हणायला वाव आहे. फ्रँक नसता तर ती घोडागाडी इंजिनासकट तिथंच सडली असती, याला तर पुरावाच आहे. पण चार्ल्सनं हे दुसरं वाक्य कधी म्हटलं नाही. १९२० मध्ये ती पहिली, १८९३ ची गाडी वॉशिंग्टनला स्मिथसोनियनमध्ये गेली आणि मग तर भाऊबंदकी आणखीच पेटली, कारण म्युझियममध्ये वस्तूला पाटी लागते आणि पाटीवर नाव लागतं. शेताच्या बांधावरून कोर्टात जाणारी आपली माणसं बरी म्हणायची, तो बांध निदान मोजता येतो. चार्ल्स १९३८ मध्ये गेला. फ्रँकनं त्यानंतर आपली बाजू लिहून छापली, आणि तो १९६७ पर्यंत जगला, सत्त्याण्णव वर्षं. भाऊ गेल्यावरही अठ्ठावीस वर्षांहून जास्त. ज्या माणसानं बर्फात दहा तास दांडा धरून ५४ मैल काढले त्यानं पुढं एवढ्या रुंद रस्त्यांवरून एवढ्या लाखो गाड्या जाताना बघितल्या, आणि त्यातल्या एकीवरही ड्युरिया लिहिलेलं नाही. त्याच्या डोक्यात तेव्हा काय यायचं, कुणास ठाऊक. भांडण पुढं घरच्यांनीही चालवलं. तेरा गाड्या आणि एवढं लांबलेलं भांडण, म्हणजे गाडीमागं भांडणाचं प्रमाण बघितलं तर जगात कुठल्या कंपनीला जमलं नसेल.

हे सगळं मी दादांना सांगितलं ते ते परत गेल्यावर, फोनवर, त्यांची सकाळ आणि माझी रात्र. मुद्दाम रंगवून सांगितलं, खोटं कशाला बोलू. फ्रँकचा टायफॉइड, रात्रीचं काम, थोरल्याचं श्रेय घेणं. मला वाटत होतं की इतक्या वर्षांनी कुणीतरी त्यांच्या बाजूनं निकाल देतंय असं त्यांना वाटेल, निदान एक हुंकार येईल. मागनं मिक्सरचा आवाज येत होता, वहिनी चटणी करत होती. मिक्सर थांबला तेव्हा दादा म्हणाले, "त्यो थोरला गेला तवा हा गेलता का?"

"कुठं?"

"मयताला."

मी म्हटलं, माहीत नाही दादा.

"मी गेलतो," म्हणाले.

ते मला माहीत होतंच. तात्या २०११ साली गेले, मी इथं होते, व्हिडिओ कॉल तेव्हा एवढे नव्हते. भावानं सांगितलेलं की दादा पंचगंगेवर शेवटपर्यंत थांबले, सगळे परतले तरी. मी काहीच बोलले नाही. दादाच मग म्हणाले, "टिलर तात्याचाच हुता गं. मला कुणी सांगितलं असतं का, टिलर कर म्हणून? मी जन्मभर बुशच काढत बसलो असतो. पण..." आणि इथं ते थोडा वेळ थांबले, "पाटी लहान न्हवती." आणि बाकीचं बोलणं मग लाइट बिलावर गेलं.

तीन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला, भाच्यानं काढून पाठवलेला. आमच्या वर्कशॉपमधल्या माळ्यावरनं काढलेला, धूळ पुसलेली ओली फडकी बाजूला दिसतायत. टिलरच्या गिअरबॉक्सच्या कव्हरचा पॅटर्न, लाकडी, ज्याच्यावरनं फौंड्रीत साचा करतात तो. सागवानी आहे, हे दादांनी खाली टाइप करायला लावलेलं. चाळीस वर्षांत एक चीर गेलीय फक्त. त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं एक माप लिहिलंय, मोठ्या फर्ड्या अक्षरात, ते तात्यांचं, त्यांचा आठ मी कुठंही ओळखेन. त्याच्यावर काट मारलीय आणि खाली बारीक, वहीतल्यासारख्या अक्षरात दुसरं माप. दोन्हींत एका सुताचा, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचा फरक. मी झूम करून किती वेळ बघत बसले. हेच कव्हर फुटलं होतं ना, काळ्या रानात.

फोन लावला. विचारलं, दादा, यातलं बरोबर कुणाचं होतं?

पलीकडं ते हसले. खूप दिवसांनी ऐकलं त्यांचं हसू, खोकल्यासकट.

"दोन्हीबी चुकलं हुतं," म्हणाले. "कास्टिंग आल्यावर कळलं."